ग्रुपच्या किल्ल्या वाटून ठेवा

पोरांनो, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता तुमच्या हाती. गणपतीची वर्गणी, पाण्याची वेळ, कोणाकडे बारसं, सगळं त्यावरच चालतं. भांडणंही त्यावरच. तेव्हा एवढं ऐकून घ्या.

अ‍ॅडमिन एकच नको, चार-पाच करा. मराठी घरातला, गुजराती घरातला, बायका, एखादं कॉलेजातलं पोर. सगळे एकाच वाड्यातले नकोत. एकुलता एक अ‍ॅडमिन रुसून बाहेर पडला, तर व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच कोणाला तरी आपोआप अ‍ॅडमिन करतं.

ग्रुप गणपती मंडळाच्या नंबरवरून नव्याने काढा. ज्याने ग्रुप काढला त्याला बाकीचे अ‍ॅडमिन हटवू शकत नाहीत. तो नंबर एखाद्याच्या खिशात असला, तर बाकीचे नावालाच अ‍ॅडमिन.

मेसेज एकाने उडवला तरी चालेल. माणूस काढायचा तर दोघांची संमती हवी. ज्याचं भांडण, त्याने निकाल द्यायचा नाही. मेसेज कोणत्या अ‍ॅडमिनने उडवला ते सगळ्यांना दिसतं, म्हणून कारणही तिथेच लिहा. आणि माणूस काढण्याआधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. संध्याकाळी सुरसागर तलावावर गाठ पडणारच आहे.

नियम पाच ओळींत, मराठीत आणि गुजरातीतही लिहा.

दर गणपतीनंतर निम्मे अ‍ॅडमिन बदला. सगळे एकदम बदललात तर माहीतगार उरत नाही. जुम्मादादांचा आखाडा शिष्य माणिकरावांनी पुढे चालवला, म्हणून तो आपल्या बाजारात आजही उभा आहे.

पोलिसांच्या धाकाने कोणी अ‍ॅडमिन व्हायला नाही म्हणेल. त्याला सांगा, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरामागे अ‍ॅडमिनचं संगनमत नसेल तर निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. म्हणून डोळेझाक मात्र नको. दोन समाजांत आग लावणारं काही दिसलं, की जो अ‍ॅडमिन जागा असेल त्याने ते लगेच उडवावं, विचारत बसू नये. मिरवणुकीच्या दिवशी फक्त अ‍ॅडमिननाच लिहिता येईल असं सेटिंग ठेवा.

शेवटचं, आम्हा म्हाताऱ्यांना अ‍ॅडमिन करू नका. सल्ला हवा तेव्हा विचारा. पहाटे पाचला गुलाबाची फुलं पाठवणारे आम्हीच, आम्हाला आवरायलाही कोणी तरी हवंच.