सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

प्रश्न : आमची पेट्रोल कार आठ वर्षांची आहे. शुक्रवारी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलो, गाडी रस्त्याकडेला लावली. दुपारी निघताना सेल्फ मारला तर इंजिन क्षणभर पकडलं आणि बंद पडलं. त्यानंतर सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी चालू होत नाही. मीटरमध्ये चावीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकतो. एका मिस्त्रींच्या सांगण्यावरून बॅटरी नवी टाकली, फरक पडला नाही. दुसरे म्हणतात पेट्रोलचा पंप गेला. मध्यंतरी चावीचं तुटलेलं कव्हर बदललं, एवढाच काय तो बदल. जवळच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, आणि इथे गाडी मालकाच्या हातातली चावीसुद्धा नाकारते. हे कसं?
— एक वाचक, घोडेगाव (ता. नेवासा)

उत्तर : पंपाला हात लावू नका. दुखणं काय आहे ते त्या लाल दिव्याने सांगितलं आहे, आणि कशामुळे झालं असावं ते तुम्हीच ओघात लिहून गेला आहात : चावीचं कव्हर.

तुमच्या गाडीला कंपनीतूनच इमोबिलायझर बसवलेला आहे. मारुती याच यंत्रणेला आय-कॅट्स म्हणते. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी, काचेची किंवा काळ्या रंगाची चिप असते. तिला सेल लागत नाही. स्टार्टर कुलपाभोवती तारेची एक कडी असते. चावी फिरवली की त्या कडीतून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या मंद रेडिओलहरी निघतात. चिपला वीज मिळते ती या लहरींतूनच, आणि तेवढ्यावर ती आपला क्रमांक कळवते. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर दरवेळी नवा आकडा पाठवतो आणि चिपने त्याचं बरोबर उत्तर द्यावं लागतं, म्हणजे चोराने जुनं उत्तर टिपून ठेवलं तरी उपयोग नाही. उत्तर जुळलं तरच पेट्रोलचे इंजेक्टर सुरू राहतात. गाडीला माणूस ओळखता येत नाही, ती फक्त चिप ओळखते. म्हणून मालक समोर असूनही ती अडते.

बॅटरी उतरली असती तर सेल्फने नुसती टक् टक् केली असती, दिवे मंदावले असते. पंप गेल्यावर चावीचा दिवा लुकलुकत नाही. गाडी शाबूत असेल तर चावी फिरवल्यावर तो दिवा थोडा वेळ लागतो आणि विझतो. तो लुकलुकत राहिला, इंजिन एक-दोन सेकंद चालून गप्प झालं, तर चावी ओळखली गेलेली नाही असंच समजायचं. काही गाड्यांत तर सेल्फसुद्धा फिरत नाही.

आता कव्हरकडे वळू. जुनं कव्हर फोडताना पातं आणि रिमोटची पट्टी नव्यात बसवली जाते. चिप मात्र बऱ्याच चाव्यांत वेगळ्या खाचेत चिकटवलेली असते, सहज दिसत नाही आणि जुन्या कव्हरातच राहून जाते. कधी ती नव्या कव्हरात सैल पडते, काही दिवस गाडी चालते आणि मग चावी हातातून पडली की चिपला तडा जातो. तुमची गाडी मध्ये काही दिवस चालली असेल तर मला हीच शक्यता जास्त वाटते.

खात्री करून घेणं फुकटचं आहे. घरातली दुसरी मूळ चावी आणा. पहिली चावी खिशात किंवा त्याच रिंगमध्ये ठेवू नका, लांब ठेवा. दोन चिपा जवळ आल्या की गोंधळ होतो. दिवा विझला आणि गाडी चालू झाली, तर बॅटरी, पंप, प्लग सगळे निर्दोष. जुनं कव्हर फेकलेलं नसेल तर तेही स्टार्टर कुलपाच्या अगदी जवळ धरून चावी फिरवा. गाडी पकडली, तर चिप अजून त्यातच आहे.

दोन्ही चाव्यांनी तेच होत असेल तर दोष गाडीच्या बाजूला आहे. आधी बॅटरीची टर्मिनल बघा. नवी बॅटरी घाईत टाकली की ती सैल राहतात, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज फार घसरलं तर कॉम्प्युटरला चिप वाचता येत नाही. कांदाचाळीच्या आडोशाला गाडी लावत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहा. बाहेरून सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म बसवला असेल, तर स्टेअरिंगखाली इंजिनाची वायर तोडून त्यात रिले घातलेला असू शकतो. उन्हाने टेप सुटते, सांधा ढिला होतो. ज्या वायरमनने काम केलं त्यालाच आधी बोलवा. यातलं काही नसेल तर स्कॅनर लावायला सांगा. पी ०५१३ हा कोड आला तर चावी चुकीची असल्याची तक्रार कॉम्प्युटरनेच नोंदवली आहे.

बटणाची गाडी असलेल्या वाचकांसाठी : रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट बटणाला टेकवून बटण दाबा, बहुतेक गाड्या चालू होतात.

धक्का मारू नका. चावी पटल्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन चालू देणार नाही, आणि नगर–संभाजीनगर रस्त्यावरच्या वाहतुकीत माणसांनी गाडी ढकलणं जिवावरचं आहे. शनिअमावास्येला शिंगणापूरच्या गर्दीत अडकलेल्या कुटुंबांनाही माझं हेच सांगणं राहील.

कुणी म्हणेल, इमोबिलायझर कायमचा उडवून देतो, कटकट मिटेल. याला माझा ठाम नकार आहे. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा केला. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या २०११ ते २०२१ मधल्या अनेक गाड्यांत तो नव्हता. त्या चोरण्याची रीत व्हिडिओंतून पसरली आणि चोऱ्यांची लाट आली. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेल्या चोरीरोधक यंत्रणेसाठी मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सवलत होती. शिंगणापूरचं म्हणाल, तर २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हाही गावाची रीत पाळून नेहमीचं कुलूप ठेवलं नाही. गावात हा विश्वास माणसांवर आणि देवावर उभा आहे. तुमची गाडी मात्र पुण्या-मुंबईतही उभी राहते.

चिप फुटली असेल तर नवी चावी गाडीशी जुळवून घ्यावी लागेल. आरसी, ओळखपत्र आणि गाडी घेताना मिळालेला चावीचा कोड असलेला टॅग किंवा कार्ड जवळ ठेवा. चालणारी चावीही सोबत न्या, काही गाड्यांत तिच्यामुळे काम सोपं होतं. सगळ्याच चाव्या गेल्या तर खर्च बराच वाढतो. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. तेव्हा दुसरी चावी कपाटात वर्षानुवर्षं पडू देऊ नका, अधूनमधून तिने गाडी चालू करून पाहा. आणि यापुढे कुठेही कव्हर बदललंत, तर दुकानातून निघण्याआधी चिप नव्या कव्हरात गेली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.