मेच्या उन्हात चांदबिबी महाल

"ओ भाऊ, एवढं लख्ख ऊन पडलंय आणि तुम्ही लाइट नाही म्हणता?" नवरदेवाचे मामा मला चारचौघांत असं म्हणाले. वर हसले.

फोटो काढायला पहाटे साडेपाचला महालाच्या डोंगरावर या, असं मी बजावलं होतं. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि आठनंतर ऊन चेहऱ्यावर कडक पडायला लागतं. मंडळी आली साडेअकराला. मेकअपवाली उशिरा आली म्हणे.

नगरला मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. त्या आसपास साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो. नवरीची सावली तिच्या घागऱ्याखाली गडप झाली, तेव्हाच मी ओळखलं की आज आपले पैसे बुडाले. कपाळ आणि नाक पांढरंफटक, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. पांढरं उडालेलं कातडं कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. मामांचं उत्तर तयार होतं, "आमच्या पोराच्या मोबाइलमध्ये तर भारी येतात."

शेवटी दोघांना आत नेलं. लोक महाल म्हणत असले तरी ही सलाबतखानाची कबर. इमारत अष्टकोनी, चहूबाजूंनी उंच कमानी. अशा जागी जोडप्याला कमानीच्या दोन-तीन हात आत, तोंड बाहेर करून उभं करा. बाहेरच्या जमिनीवरून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांखालचं काळं जातं, मागे अंधार आपोआप पडद्याचं काम करतो. एक्स्पोजर चेहऱ्यावरच धरा. उघड्यावर काढायचेच असतील तर पांढरं थर्माकोल कमरेखालून धरायला माणूस ठेवा.

उरलेली रक्कम आली नाही. "फोटो काळे आलेत," एवढाच निरोप आला. लग्नाच्या फ्लेक्सवर मात्र कमानीतलाच फोटो!

म्हणून सांगतो, वेळ कागदावर लिहून सही घ्या, उशीर झाला तर काय हेही लिहा. निम्म्याहून जास्त पैसे आधी घ्या. मेकअपवालीला स्वतः फोन करा. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा. बॅटऱ्या, पाणी, टोपी, हे काय सांगायचं!

आणि कोणी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला सकाळी चला म्हणालं, तर ऐकू नका. कड्याचं तोंड पश्चिमेला, सकाळी तो सावलीत असतो. दुपारी चारनंतरची वेळ द्या, आणि मुक्कामाचा खर्च कोणाचा ते निघण्याआधी ठरवा.