पेटीवरचा कागद कोण वाचणार?

रत्नागिरीत आंब्याचा हंगाम सरत येतो आणि निकाल लागतात. मग घरोघरी एकच घोर: पोराचं पुढे काय? इंजिनीअरिंग, नर्सिंग, नाहीतर मुंबई. पालकांनो, आणखी एक वाट आहे, आणि ती आपल्या बागेतूनच जाते.

मे 2025 मध्ये अमेरिकेला विमानाने गेलेल्या भारतीय आंब्याच्या काही खेपा तिथल्या विमानतळांवर अडल्या. अडचण किडीची नव्हती. नवी मुंबईत झालेल्या विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचं कारण मिळालं. माल परत आणणं परवडेना, म्हणून तिथेच नष्ट करावा लागला. वर्षभराची राखण एका फॉर्मवर गेली.

त्याआधी 1 मे 2014 ला, ऐन हंगामात, युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंबा बंद केला. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवायचं ठरलं, पण आता फळ 48 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवण्यासारख्या उष्ण प्रक्रियेचा दाखला लागतो. मोठा निर्यातदार असे बदल पचवतो, त्याच्याकडे माणसं असतात. दोनशे कलमांचा बागायतदार मात्र पॅकहाउसच्या दारात उभा राहून विचारतो, "आता काय नवीन काढलंनी?"

निर्यातीचे नियम आणि कागद वाचून त्याला उत्तर देणारं माणूस गावात हवं. तीच ही वाट. फायटो सर्टिफिकेट, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याचा निर्यातीचा सरकारी दाखला, हातात घेऊन बघा: फळाचं शास्त्रीय नाव, खोक्यांची संख्या, प्रक्रियेचं तापमान, वेळ. खोक्यावरचा लॉट नंबर आणि कागदावरचा नंबर यांत एका आकड्याचा फरक पडला, तरी माल अडू शकतो. मासळीचंही तेच. कासवाला सुटायला जाळ्यात वाट नाही, म्हणून समुद्रातली भारतीय कोळंबी अमेरिकेने नाकारली. मिरकरवाड्यातल्या खलाशाला हे कोणी समजावून सांगायचं?

सायन्सच्या मुलांसाठी शिरगावचं मत्स्य महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच. कॉमर्सच्या मुलांनी कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात उमेदवारी करावी. पुढे परीक्षा देऊन स्वतःचं लायसन्स काढता येतं. सुरुवातीचा पगार बेताचाच, हे आधीच सांगतो. चिकाटी आणि बारीक नजर नसेल, तर या वाटेला जाऊ नये. पण नियम बदलत राहतात, त्यामुळे वाचणाऱ्याचं काम संपत नाही.

ॲडमिशनचा फॉर्म भरण्याआधी एक सकाळ काढा. ओळखीच्या निर्यातदाराकडे मुलीला किंवा मुलाला घेऊन जा आणि एक फायटो वरपासून खालपर्यंत वाचायला द्या.