मृत्युपत्रात नसलेला मुलगा

आमच्या खापरपणजोबांनी मधल्या मुलाला वाऱ्यावर सोडलं, ही गोष्ट भावकीत इतकी पक्की होती की तिचा पुरावा कुणी मागत नसे. पुरावा होताच म्हणा. माण तालुक्यातल्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या मृत्युपत्राचा टाइप केलेला कागद होता. त्यात थोरल्याला विहिरीखालचं रान, धाकट्याला माळ आणि राहतं घर, बायकोला हयातभर अन्नवस्त्र. मधल्याचं नावच नाही. त्या मधल्याचे वंशज शेजारच्या तालुक्यात आहेत. त्यांची लग्नपत्रिका दोन पिढ्या आमच्याकडे आली नाही, आमची तिकडे गेली नाही.

घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून मी तो कागद नीट पाहिला, तेव्हा त्यावर ना दस्त क्रमांक होता, ना ‘खरी नक्कल’ असा शिक्का. जमिनीच्या कुठल्याशा वादासाठी कुणीतरी अस्सल मोडी दस्तातून देवनागरीत उतरवून घेतला होता, आणि वादाला लागेल तेवढाच. सुरुवातीचा अर्धा मजकूर गाळलेला. आपल्याकडे गावोगाव असेच कागद ‘आजोबांचं मृत्युपत्र’ म्हणून जपलेले असतात. त्यावर विसंबण्याआधी तो कुणी, कधी आणि कशासाठी उतरवला ते विचारा. अस्सल कुठे आहे हे त्यानंतर शोधता येतं.

इथे बरेच जण चुकीच्या दारात उभे राहतात. मुंबई शहराबाहेरच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती नव्हती, त्यामुळे खेड्यातली बहुतेक मृत्युपत्रं कोर्टाची पायरी चढलीच नाहीत. नोंदणीही ऐच्छिक, साधा कागद आणि दोन साक्षीदार एवढ्यावर काम भागे. पण नोंदणी झाली असेल तर ती दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक 3 मध्ये असते. लोक मात्र सवयीने ‘इंडेक्स टू’ मागतात, तिथे काही सापडत नाही, आणि ‘नोंदच नाही’ म्हणत परत येतात. मृत्युपत्रांची सूची वेगळी, क्रमांक 3 ची. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळू शकते. मृत्यूची जुनी नोंद हवी असेल तर गाव नमुना 14, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते पाहा.

तारखेकडेही लक्ष द्या. आमच्या दस्तावर माघ, शके 1851 आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन, हे पाठ असतं. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत बहुधा 79 मिळवावे लागतात. म्हणजे हा दस्त 1929 चा नव्हे, 1930 चा. वर्ष चुकलं की सूचीतलं पान चुकतं. मराठवाड्यात निजामी काळातले कागद उर्दूत आणि फसली सनात असतात. तिथे साधारण 590 मिळवायचे.

दुय्यम निबंधकाकडून आमच्या दस्ताची नक्कल मिळाली, मोडी वाचकाकडून पूर्ण उतरवून घेतली, आणि गाळलेल्या भागात मधले चिरंजीव सापडले. ते लहानपणीच दत्तक गेले होते. दत्तक गेलेल्याचा जन्मघरातला वारसा तुटतो, म्हणून वाटणीत त्यांचं नाव नव्हतं. आमच्या गावच्या फेरफारांत ते कधी दिसले नाहीत याचं कारणही हेच. दत्तक गावच्या फेरफारात ते वेगळ्या बापाचे ‘बिन’, म्हणजे मुलगा, म्हणून दत्तक आईच्या वारसाला लागलेले आहेत. डावलणं, राग, शाप, सगळं नंतर रचलेलं.

मृत्युपत्र सांगतं ते कुणाला काय दिलं एवढंच. घरात माणसं किती होती हे ते सांगेलच असं नाही. आणि जे सांगतं त्यातली बरीच भाषा दस्त लिहिणाऱ्याची असते. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने’ हे शब्द प्रत्येक दस्तात मिळतील. ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द तर विशेष जपून वाचा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. मग ती स्वकष्टार्जित म्हणून लिहिण्याकडे कल असणारच. तेवढ्यावरून आजोबांनी शून्यातून शंभर एकर उभे केले, असं घराण्याच्या पुस्तकात छापू नये.

याउलट ज्या ओळींकडे कुणी पाहत नाही तिथे खरा ऐवज असतो. साक्षीदार बहुधा व्याही, मेहुणे किंवा शेजारच्या बांधाचे असतात. शेवटी ‘बिकलम’ म्हणून लिहिणाऱ्याचं नाव असतं. ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, असं लावून आलेली बायकांची नावं, लेकींची सासरची गावं मिळतात. जुन्या सातबारावर या बायका क्वचितच भेटतात. आमच्या खापरपणजीचं नाव आम्हाला याच दस्तातून कळलं.

दस्तातला सर्व्हे नंबर आजच्या सातबारावर सापडला नाही तर जमीन कुणी लाटली असा ग्रह लगेच करून घेऊ नका. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. शिवाय 1 एप्रिल 1957 च्या कूळकायद्याच्या टप्प्यावर कितीतरी जमिनी कुळांच्या नावे गेल्या. आणि थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे.

सगळ्यात जास्त अडचण मात्र कागदांची आली नाही. गावात जुना फेरफार मागितला की दुसऱ्या दिवशी चावडीवर बातमी होते: अमक्याचा नातू हिस्सा मागायला आलाय. माझ्या चुलत्यांनी तर दोन महिने फोन उचलला नाही. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. जुने कागद बाहेर निघतात ते दाव्यासाठी, हाच त्यांचा अनुभव. म्हणून अर्ज करण्यापूर्वी भावकीतल्या वडीलधाऱ्यांना भेटा, वंशावळ हवी आहे हे स्पष्ट सांगा, आणि मिळेल ती प्रत त्यांनाही द्या. दक्षिण महाराष्ट्रात असाल तर घराण्याची नावं सांगणाऱ्या हेळव्यांची चौकशी करा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्याही पाहा. तिथे मागणाऱ्याकडे संशयाने बघत नाहीत.

आणि घरात अस्सल मोडी कागद सापडला तर तो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, घडीवर फाटत असेल तर ओढून उलगडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची कोरी बाजूसुद्धा, कारण नोंदणीचे शिक्के आणि शेरे पुष्कळदा तिथेच असतात. मग मोडी वाचकाकडे जा, आणि त्याला एकही ओळ न गाळता उतरवायला सांगा.