आरे का तुटतात?

प्रश्न : जुन्या फोर्ड मॉडेल टी मोटारीची लाकडी प्रतिकृती १:१२ प्रमाणात करतो आहे. सागवानी फळीतून चाके कापली, पण आरे पटापट तुटतात. काय चुकते?

उत्तर : दोष हाताचा नाही, लाकडाच्या रेषांचा आहे. अखंड फळीतून चाक कापले, की काही आऱ्यांत रेषा उभ्या येतात, काहींत आडव्या. आडव्या रेषांचे आरे तुटणारच. मूळ गाडीच्या लाकडी चाकात १२ सुटे आरे असत. तुम्हीही तेच करा. रेषा लांबीने ठेवून बारा काड्या कापा. प्रत्येकीचे आतले टोक ३० अंशांच्या पाचरीसारखे घासा, म्हणजे मध्यभागी ३६० अंश नेमके भरतात. तीस इंची चाकाचा व्यास तुमच्या प्रमाणात ६३.५ मिमी येईल. तेवढे वर्तुळ कागदावर आखून पाटावर चिकटवा आणि त्यावर आरे आधी कोरडेच जुळवून पाहा. तुंबा आणि बाहेरचे कडे शेवटी बसवा. 

सागवान तेलकट असते, म्हणून गोंद लावण्यापूर्वी सांधे स्पिरिटने पुसा. चाके मात्र चार नको, पाच करा. पहिले हात बसण्यासाठीच असते.