चिंधीचा ससा

मनुष्याने माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्र्याचा मान पहिला आहे. गाय, बैल, घोडा हे मनुष्याचे सोबती फार मागाहून झाले. कुत्रा त्याच्याजवळ आला, तेव्हा तो अद्याप शेतीही करीत नव्हता. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल या ठिकाणी १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक प्राचीन दफन आढळले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर पुरलेला एक कुत्रा होता. इतका जुना हा स्नेह आहे. परंतु स्नेह जुना असला म्हणजे तो आपोआप निभतो, असे मात्र नाही. घरी आणलेल्या कुत्र्याला अन्न दिले, आसरा दिला, की आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे सोलापूर जिल्ह्यातील एका कुटुंबास कसे कळून आले, त्याची ही हकीकत आहे.

त्या घरात आई, वडील, आजी आणि सातवीत शिकणारा एक मुलगा अशी चार माणसे होती. शेजारच्या गावातील एका गृहस्थांना नोकरीनिमित्त दूर जावे लागले आणि त्यांचा दोन वर्षांचा कुत्रा मागे राहिला. मुलाने तो आपल्या घरी आणण्याचा हट्ट धरला. वडिलांनी बराच विचार करून होकार दिला. कुत्र्याचे नाव होते वाऱ्या. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि उंच सडपातळ पाय अशी त्याची ठेवण होती. दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या जाणाऱ्या कारवान जातीचा तो होता. याच कुळातील कुत्रे कर्नाटकात मुधोळ या गावाच्या नावाने प्रसिद्ध आहेत, आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे चित्र असलेले तिकीटही काढले आहे.

पहिले दोन दिवस वाऱ्या कोपऱ्यात मुकाट पडून होता. नवी माणसे, नवे आवाज, नवे वास यांनी तो बावरून गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा संकोच सरला आणि घरावर जणू वावटळ आली. त्याने वडिलांच्या वहाणा कुरतडल्या, अंगणातील शेवंतीचा वाफा उकरला आणि उन्हात टाकलेली आजीची गोधडी ओढून तिच्या चिंध्या केल्या. आठव्या दिवशी तो फाटकातून निसटला आणि शेजाऱ्यांच्या करडामागे धावत सुटला. करडू कसेबसे वाचले. शेजारी दारात येऊन पुष्कळ बोलून गेले. वडिलांनी वाऱ्याला साखळीने खांबाशी जखडले आणि मुलास बजावले, “महिनाअखेरपर्यंत हा ताळ्यावर आला नाही, तर त्याची दुसरीकडे सोय करावी लागेल.”

साखळीने वाऱ्या शांत झाला नाही. तो दिवसभर खांबाभोवती फेऱ्या घाली आणि रात्री रडव्या स्वरात भुंके. त्याची मान साखळीने सोलवटली. अखेर मुलगा वडिलांना घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यांकडे गेला.

पशुवैद्यांनी वाऱ्याला नीट तपासले, जखमेस औषध लावले, रेबीजची प्रतिबंधक लस टोचली आणि मग विचारले, “याला दिवसातून किती वेळ फिरवता?”

“फिरवायचं कशाला, डॉक्टर? अंगण मोठं आहे,” वडील म्हणाले.

“मग याला रोग नाही, याला काम नाही,” पशुवैद्य म्हणाले. त्यांनी मुलाला जवळ बोलावून वाऱ्याची छाती दाखविली. “बघ बाळ, एवढी खोल छाती कशासाठी? मोठ्या फुप्फुसांसाठी. हे लांब पाय कशासाठी? माळावर पळणारा ससा नजरेने हेरून त्याला गाठण्यासाठी. माणसानेच निवडून निवडून याचे पूर्वज असे घडवले. पुढं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाच्या शिकारीला मनाई झाली, आणि ते योग्यच झालं. पण कायद्यानं शिकार थांबली, याचे पाय थांबले नाहीत. ती शक्ती आता चपला आणि गोधड्यांवर खर्च होते आहे.”

मग वडिलांकडे वळून ते सौम्यपणे म्हणाले, “प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० मध्ये झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी राज्यसभेत मोठे प्रयत्न केले होते. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला त्याच्या धन्याने वाजवी व्यायाम दिला नाही, तर ती क्रूरताच होय, असं त्या कायद्यात म्हटलं आहे.”

वडील काही बोलले नाहीत. परंतु घरी येताच त्यांनी साखळी सोडून माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे वाऱ्याचा दिनक्रम सुरू झाला. मुलगा पहाटे पाच वाजता उठू लागला. छातीभोवती बांधावयाचा रुंद पट्टा आणि त्याला जोडलेली दोरी घेऊन तो वाऱ्याला बाहेर नेई. दाराशी आधी बसावयाचे, मग दार उघडावयाचे, हा पहिला धडा होता. वाऱ्या बसला नाही, तर दार उघडत नसे. बसला, तर भाकरीचा तुकडा मिळे. त्याला मारावयाचे नाही किंवा त्याच्यावर ओरडावयाचे नाही, असा पशुवैद्यांचा कटाक्ष होता. वाऱ्याने दोरी ताणली, की मुलगा जागच्या जागी उभा राही. दोरी सैल झाली, की पुन्हा चालू लागे. पहिल्या दिवशी गल्लीचे टोक गाठावयास पंधरा मिनिटे लागली. दहाव्या दिवशी दोघेही वेशीपर्यंत एका लयीत चालत गेले.

वाटेत वाऱ्या प्रत्येक दगड, प्रत्येक झुडूप हुंगत बसे. आरंभी मुलास त्याचा कंटाळा येई. परंतु कुत्र्याचे नाक म्हणजे त्याचे वर्तमानपत्र होय. रात्री कोणते जनावर गेले, कोणत्या दिशेने गेले, हे सारे त्यास वासावरून उमगते, आणि अशा शोधाने त्याच्या बुद्धीलाही व्यायाम घडतो. हे समजल्यावर मुलगा धीर धरू लागला. घरीही तो भाकरीचे तुकडे उपड्या वाट्यांखाली लपवून ठेवी आणि वाऱ्या ते नाकाने हुडकून काढी.

चालण्याने वाऱ्याचे पाय मोकळे होत, पण त्याची धावण्याची ओढ भागत नसे. उघड्या माळावर त्याला सोडणे धोक्याचे होते; कारण दूरवर शेळी किंवा ससा हलताना दिसला, की अशा जातीच्या कुत्र्याला मालकाची हाक ऐकू येईनाशी होते. यावर पशुवैद्यांनीच एक युक्ती सुचविली. आजीच्या फाटक्या गोधडीच्या चिंध्यांचे मुलाने एक बोचके बांधले आणि त्याला लांब दोरी लावली. गावातील एका पडक्या वाड्याला चारी बाजूंनी उंच भिंत होती. तेथे फाटक लावून मुलगा ते बोचके जमिनीवरून वळणे देत फरफटवीत नेई आणि वाऱ्या बाणासारखा त्याच्यामागे सुटे. हा चिंधीचा ससा पकडला, की दोन क्षण तोंडात धरावयाचा आणि ‘सोड’ म्हणताच सोडावयाचा, असा खेळाचा नियम होता. अशा आठ-दहा धावा झाल्या, की वाऱ्या समाधानाने जमिनीवर अंग टाकी.

तीन आठवड्यांत घरातील वावटळ निवाली. वहाणा जागच्या जागी राहू लागल्या. आजी म्हणाली, “बैलाला औत नसलं की तो बांध उकरतो. याचंही तसंच होतं तर!”

याच सुमारास मुलाच्या हातून एक चूक घडली. परीक्षेच्या गडबडीत दोन दिवस त्याने वाऱ्याला बाहेर नेले नाही. रविवारी सकाळी त्यास उठण्यास उशीर झाला. राहिलेल्या दोन दिवसांचा व्यायाम आजच भरून काढू, असे मनाशी ठरवून अकरा वाजता तो वाऱ्याला वाड्यात घेऊन गेला. चैत्राचे ऊन तापले होते. वाऱ्या जिवाच्या आकांताने धावला; थांब म्हटल्याशिवाय थांबणे त्याच्या स्वभावात नव्हते. विसाव्या धावेनंतर तो अडखळला. त्याची जीभ लालभडक होऊन लोंबू लागली, तोंडातून चिकट लाळ गळू लागली आणि मागचे पाय लटपटू लागले.

मनुष्याच्या सर्वांगास घाम येतो आणि त्यामुळे त्याचे शरीर थंड राहते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पावलांच्या गाद्यांना, आणि तोही अगदी थोडा. अंगातील उष्णता तो धापा टाकूनच बाहेर सोडतो. हवा तापलेली असली, की धापाही अपुऱ्या पडतात आणि अंगातील ताप जिवावर बेतू शकतो.

मुलाने वाऱ्याला उचलून कडुनिंबाच्या सावलीत नेले आणि मोठ्याने हाका मारल्या. वडील धावत आले. दोघांनी जवळच्या आडाचे पाणी शेंदून वाऱ्याच्या पोटावर, मांड्यांवर आणि पावलांवर ओतले, अंगोछ्याने वारा घातला आणि मग त्याला तातडीने पशुवैद्यांकडे नेले. सायंकाळी वाऱ्याने मान उचलून शेपटी हलविली, तेव्हा मुलाचे डोळे भरून आले.

पशुवैद्य त्याला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “बाळ, व्यायाम म्हणजे सावकाराचं कर्ज नव्हे, की थकलेलं एकदम फेडून टाकलं. तो रोजचा रोजच द्यावा लागतो.” मग त्यांनी काही नियम सांगितले. ऊन चढण्यापूर्वी किंवा सूर्य मावळल्यावरच बाहेर पडावे. हाताची मागची बाजू सात-आठ आकडे मोजेपर्यंत जमिनीवर टेकवून पाहावी; आपल्या हातास चटका बसत असेल, तर कुत्र्याच्या पावलांसही तो बसणारच. जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर लगेच त्याला पळवू नये. कारण खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पीळ पडून प्राणावर बेतण्याचा संभव असतो. पिल्लांची हाडे कोवळी असतात, म्हणून त्यांना कठीण जमिनीवर फार दौडवू नये. आणि खेळ कधी थांबवावयाचा, हे कुत्र्याने नव्हे, माणसाने ठरवावे.

मुलाने हे नियम वहीत उतरवून घेतले. त्यानंतर परीक्षा असो की सण असो, पहाटेची फेरी त्याने चुकविली नाही. तो स्वतः तापाने आजारी पडला, तेव्हा वडील दोरी हाती घेऊन बाहेर पडले आणि पुढे ती फेरी त्यांनाही आवडू लागली. महिनाअखेर केव्हा आली आणि केव्हा गेली, याची कोणास आठवणही राहिली नाही.

पावसाळ्याच्या आरंभी तो चिंधीचा ससा पार विरून गेला. दुसरे बोचके बांधण्यासाठी मुलगा चिंध्या शोधू लागला, तेव्हा आजीने त्याला हाक मारली. आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून तिने नवा ससा आधीच शिवून ठेवला होता. आणि त्याला तिने दोन लांब कानही लावले होते.

अभ्यास

१. वाऱ्याच्या खोडकरपणाचे पशुवैद्यांनी कोणते कारण सांगितले?
२. वडिलांनी साखळी माळ्यावर का टाकली?
३. ‘व्यायाम म्हणजे सावकाराचं कर्ज नव्हे’ या वाक्याचा अर्थ प्रसंगासह स्पष्ट करा.
४. कुत्र्याला उन्हात पळविणे धोक्याचे का असते?
५. आजीने नव्या सशाला कान लावले, यावरून तिच्या मनात झालेला बदल चार-पाच वाक्यांत लिहा.