संगणकाच्या गाभ्यातील फेरफार

बिदर शहरालगत नौबाद येथे जमिनीच्या पोटातून गेलेला एक प्राचीन जलमार्ग आहे. लोक त्याला 'सुरंग बावी' म्हणतात. इतिहासाच्या ग्रंथांत तो 'कारेझ' या इराणी नावाने ओळखला जातो. बहामनी सुलतानांच्या अमदानीत जांभ्या खडकातून तो कोरून काढलेला आहे. या भुयारावर अंतराअंतराने उभ्या विहिरी ठेवलेल्या आहेत. वरून चालणाऱ्यास पाण्याची चाहूलही लागत नाही; परंतु विहिरीच्या काठाशी उभे राहून आत पाहिले, म्हणजे खाली प्रवाह आहे की गाळ साचला आहे हे कळून येते. गाळ उपसावयाचा झाला तरी याच वाटेने उतरावे लागते.

संगणकाच्या अंतर्भागातही अशाच काही विहिरी बुद्ध्या ठेवलेल्या असतात. त्यांत डोकावण्याची आणि अधिकार असल्यास आत हात घालण्याची रीत या लेखात सांगावयाची आहे.

संगणक सुरू केला की पडद्यावर चित्रे व अक्षरे दिसू लागतात. या सर्वांच्या तळाशी एक कार्यक्रम अखंड चालू असतो. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावी, तबकडीवर केव्हा लिहावे, तारेवरून आलेला संदेश कोणाच्या हाती सोपवावा, हे सारे निर्णय तो घेतो. त्याला 'कर्नल' म्हणतात. (सैन्यातील कर्नलसाहेबांशी त्याचा काही संबंध नाही, येथे या इंग्रजी शब्दाचा अर्थ फळाच्या कवचातील गर असा आहे.) आम्ही त्याला गाभा म्हणू.

लिनक्स नावाचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९९१ साली प्रसिद्ध केला. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्या परममध्ये लिनक्स नव्हता. परंतु काळ पालटला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. सी-डॅकचा 'परम सिद्धी' नोव्हेंबर २०२० मध्ये त्या यादीत त्रेसष्टावा आला, तोही लिनक्सवरच. आणि आपल्या घरी वडिलांच्या खिशात जो अँड्रॉइडचा फोन असतो, त्याच्या तळाशीही हाच गाभा आहे.

येथे एक अडचण उभी राहते. गाभा लिहिणारास तो पुढे कोठे चालणार हे ठाऊक नसते. तो पुण्याच्या महासंगणकावर चालेल, किंवा औराद, भालकी, आळंद अशा गावच्या एखाद्या शाळेतील दोन गिगाबाइट स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही चालेल. दोघांना एकच नियम लावणे शहाणपणाचे नाही. म्हणून कित्येक निर्णय गाभ्यात कायमचे गोठवून न टाकता आकड्यांच्या रूपाने मोकळे ठेवलेले असतात. गाभा चालू असतानाच हे आकडे पाहता येतात व बदलता येतात. यंत्र बंद करण्याची गरज नसते. ही सोय १९९३ सालच्या ४.४ बीएसडी या प्रणालीत प्रथम आली. लिनक्सने ती आपल्या रीतीने स्वीकारली.

पाहण्याच्या वाटा दोन आहेत. टर्मिनल उघडले की आज्ञा लिहिण्याची ओळ मिळते. तेथे 'सिसकंट्रोल' ही आज्ञा द्यावयाची. तिची अक्षरे सहाच : एस, वाय, एस, सी, टी, एल. (यंत्राला आज्ञा व आकडे रोमन लिपीतच द्यावे लागतात, येथे आम्ही केवळ त्यांचे उच्चार लिहीत आहोत. घरी मराठी, बाजारात कानडी आणि शेजाऱ्याशी दखनी बोलणाऱ्या आमच्या भागातील मुलांना ही चौथी बोली जड जाऊ नये.) 'सिसकंट्रोल -ए' असे लिहिले, तर सर्व आकडे नावांसह पडद्यावरून धावू लागतात. साध्या यंत्रावरही या ओळी हजाराच्या घरात भरतात. त्या पाठ करावयाच्या नाहीत. एकच हवी असल्यास तिचे नाव द्यावे : 'सिसकंट्रोल व्हीएम.स्वॉपिनेस'. बहुतेक यंत्रांवर उत्तर येते, ६०.

दुसरी वाट अधिक मनोरंजक आहे. हाच आकडा '/प्रोक/सिस/व्हीएम/स्वॉपिनेस' या फाइलीत दिसतो आणि 'कॅट' या आज्ञेने ती वाचता येते. नावातील टिंबांच्या जागी तिरप्या रेघा आल्या, एवढाच फरक. पण ही फाइल तबकडीवर कोठेच नाही! तिचे आकारमान पाहू गेल्यास शून्य दिसते, तरी वाचू गेल्यास आत साठ निघतात. कारण आपण ती उघडतो त्या क्षणी गाभाच ते उत्तर तयार करून पुढे ठेवतो. 'व्हीएम' म्हणजे स्मृतीचे खाते, 'नेट' म्हणजे जाळ्याचे, 'एफएस' म्हणजे फाइलींचे आणि 'कर्नल' म्हणजे खुद्द गाभ्याचे.

वाचणे बहुतेक सर्वांना मोकळे आहे. बदलणे मात्र 'रूट' नावाच्या मुख्य अधिकाऱ्यासच शक्य आहे, म्हणून आज्ञेच्या आधी 'सुडो' हा शब्द लावून तो अधिकार मागावा लागतो : 'सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.स्वॉपिनेस=१०'. नवशिके येथे हमखास अडखळतात. ते 'सुडो एको १०' असे लिहून बाणाच्या चिन्हाने तो आकडा प्रोकमधील फाइलीत ढकलू पाहतात आणि 'परवानगी नाही' असे उत्तर आले की गोंधळतात. वास्तविक सुडोचा अधिकार 'एको'ला मिळालेला असतो. बाणाचे काम त्याआधीच साध्या वापरणाराच्या नावाने सुरू झालेले असते. म्हणून -डब्ल्यूची वाट सरळ.

आता हे साठ म्हणजे काय? पुष्कळ ठिकाणी 'स्मृती साठ टक्के भरली की यंत्र तबकडीचा आसरा घेते' असे सांगितलेले आढळते. ते चूक आहे. घरातील फडताळ भरले की आई काही भांडी माळ्यावर टाकते. कोणती टाकावी? चालू कामातली, की लागली तर पुन्हा शेजारून मागून आणता येतील अशी? गाभ्यापुढेही हाच प्रश्न असतो. कार्यक्रमांची चालू पाने तबकडीवरील 'स्वॉप' या माळ्यावर टाकावी, की तबकडीवरून वाचून ठेवलेल्या आणि पुन्हा वाचता येणाऱ्या फाइलींची पाने सोडून द्यावी? आकडा लहान केला, तर तो माळ्यावर टाकण्यास नाखूश होतो. मोठा केला, तर राजी होतो. शून्य केले म्हणजे माळा सर्वस्वी बंद झाला असेही नाही. जुन्या यंत्रासाठी 'दहा करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते आधी 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा देऊन 'एसआय' व 'एसओ' हे दोन रकाने काही वेळ पाहावे. तेथे सतत शून्य असेल, तर माळ्याचा वापरच होत नाही आणि आकडा बदलून यंत्राची चाल सुधारणार नाही.

आमच्या भागातील शाळांना याहून महत्त्वाचा वाटावा असा आकडा निराळाच आहे. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात विद्यार्थी निबंध टंकित करतो, 'जतन करा' म्हणतो, आणि यंत्र 'केले' असे सांगते. ते पूर्णतः खरे असेलच असे नाही. तबकडी मंद असते, म्हणून गाभा लिहावयाचा मजकूर आधी स्मृतीतच ठेवतो आणि सवडीने तबकडीवर उतरवतो. 'व्हीएम.डर्टी_एक्स्पायर_सेंटीसेक्स' हा आकडा पाहिला तर तो सामान्यतः ३००० असतो. हे सेकंदाचे शतांश आहेत. म्हणजे तीस सेकंद. एवढा वेळ उलटलेला मजकूर आता लिहिलाच पाहिजे असे गाभा मानतो. त्याचा जोडीदार 'व्हीएम.डर्टी_रायटबॅक_सेंटीसेक्स' सामान्यतः ५०० असतो. लिहिण्याचे काम करणारा दर पाच सेकंदांनी जागा होऊन मुदत संपलेले काही आहे का, ते पाहतो. वीज मध्येच गेली, तर जवळजवळ अर्ध्या मिनिटाचे श्रम हवेत विरून जाऊ शकतात. काही कार्यक्रम जतन करताना 'आत्ताच तबकडीवर उतरव' अशी वेगळी आज्ञा देतात, पण सर्वच देत नाहीत. पेन ड्राइव्हवर फाइल चढल्यासारखी दिसते आणि घरी नेल्यावर ती अपुरी निघते, त्याचेही कारण पुष्कळदा हेच. म्हणून तो उपटण्यापूर्वी 'बाहेर काढा' म्हणावे लागते.

पहिला आकडा ३००० चा १००० केला, तर धोक्याचा काळ तीस सेकंदांवरून दहाच्या आसपास येतो. मग सर्वांनीच तो तसा का ठेवू नये? कारण याची किंमत पडते. तबकडीला वारंवार उठावे लागते. एकाच फाइलीत पाच वेळा केलेले फेरफार एकदम लिहिण्याऐवजी दोनतीनदा लिहावे लागतात. बॅटरीवरील यंत्राची वीज अधिक खर्च होते. अखंड वीज असलेल्या पुण्याच्या संगणकगृहास तीस सेकंद शोभतात, आमच्या प्रयोगशाळेस दहा. तरीही ज्या क्षणी आकाशात ढग दाटून येतात, त्या क्षणी 'सिंक' ही चार अक्षरांची आज्ञा देणे सर्वांत चांगले. ती साचलेले सारे तत्काळ तबकडीवर लिहविते.

'कर्नल.पॅनिक' हाही आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गाभ्यालाच सावरता येणार नाही असा बिघाड झाला, तर शून्य असताना यंत्र जागच्या जागी थिजून राहते. १० केल्यास दहा सेकंदांनी आपण होऊन पुन्हा सुरू होते. जेथे कळ दाबावयास रात्री कोणी नसते, तेथे याचा उपयोग.

-डब्ल्यूने केलेला बदल तात्पुरता असतो. यंत्र बंद करून चालू केले की जुना आकडा परत येतो. आम्हांस ही उणीव वाटत नाही, उलट मोठी सोय वाटते. जुना आकडा वहीत टिपावा, एका वेळी एकच बदल करावा, दोन दिवस त्याचा परिणाम पाहावा. बिघडल्यास यंत्र पुन्हा सुरू करणे हाच उपाय. बदल मानवला, तरच '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी' या कप्प्यात '९९-शाळा.कॉन्फ' अशासारखी फाइल करून तीत नाव, बरोबरीचे चिन्ह व आकडा लिहावा आणि 'सुडो सिसकंट्रोल --सिस्टिम' म्हणावे. फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात व नंतरची आधीचीवर मात करते, म्हणून ९९. जुन्या पुस्तकांत 'सिसकंट्रोल.कॉन्फ' या एकाच फाइलीचा उल्लेख असतो. परंतु अलीकडच्या काही प्रणाली सुरू होताना ती वाचत नाहीत.

फोनमध्येही हाच गाभा आहे असे वर म्हटले. पण तेथे मुख्य अधिकाऱ्याची किल्ली फोनच्या मालकाला सहसा दिलेली नसते. वस्तू आपली, पैसे आपले, आणि विहिरीवर झाकण दुसऱ्याचे! याचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने केले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. तरी शिकणाऱ्या मुलाने जुन्या संगणकाकडेच वळावे हे बरे.

तयार नुसखे उतरवून घेण्याविषयी एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. 'नेट.आयपीव्ही४.टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल' नावाचा एक आकडा पूर्वी लिनक्समध्ये होता. तो १ केल्यास व्यग्र यंत्राला संपलेल्या जोडण्यांची जागा लवकर मोकळी करता येई, म्हणून तो अनेक ठिकाणी डोळे मिटून वापरला गेला. जोडणी मागणाऱ्या यंत्रांच्या घड्याळाच्या खुणा ताडून तो निर्णय घेत असे. प्रत्येक घराला स्वतंत्र पत्ता असेल, तर हे चालून जाई. परंतु जेथे वीस यंत्रे एकाच पत्त्याआडून बोलतात, तेथे वीस घड्याळांच्या खुणा त्याला एकाच यंत्राच्या वाटत. मग एखाद्याची खुण मागची दिसली की तो त्याची हाक मुकाट्याने टाकून देई. म्हणजे आकडा बदलणाराचे यंत्र सुरळीत चाले आणि दूरच्या एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात, एकाच जोडणीवर बसलेल्या मुलांपैकी कोणाला पान उघडे, कोणाला नाही, आणि का ते कोणासच कळत नसे. २०१७ साली ४.१२ या आवृत्तीतून तो आकडा काढून टाकण्यात आला. जुन्या टिपणांत तो अजूनही आढळतो. आजच्या गाभ्याला त्याचे नाव सांगितले, तर अशी फाइलच नाही, असे उत्तर येते.